शनवार तेल्यांची मशीद

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात चांदवड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर. भाषण करणारे शिक्षक, बी.ए., बी.एड.)



शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपण दरवर्षी ऐकता, आणि दरवर्षी टाळ्याही वाजवता. म्हणून यंदा मी ठरवले की उपदेश करायचा नाही, आपल्याच महाराष्ट्रातल्या एका लहानशा जमातीची हकीकत सांगायची. भारतात ही जमात कधीही तीस हजारांच्या वर गेली नाही. मातृभाषा मराठी. तेलाच्या घाण्यापासून सुरुवात केली आणि शंभर-दीडशे वर्षांत तिच्यातून शिक्षक, डॉक्टर, कवी, नौदलाचे अधिकारी आणि मुंबईचा एक महापौर निघाला. या जमातीचे नाव बेने इस्रायल, म्हणजे आपल्या भाषेत यहुदी.

काही पालकांच्या कपाळावर आठी पडली, ती मला इथून दिसते आहे. ऑक्टोबर २०२३ पासून गाझाच्या ज्या बातम्या आपण पाहिल्या त्यांनी कुणाचे मन हलले नसेल? त्या प्रश्नावर प्रत्येकाने आपले मत ठेवावे. ते सांगायला मी इथे उभा नाही. पण वर्गात इतिहास शिकवताना एक मुलगा मला म्हणाला, "सर, यहुदी म्हणजे दुश्मन ना?" मी त्याला विचारले, तू एखादा पाहिलास का? म्हणाला, "मोबाईलवर." दूरच्या देशाचे सरकार आणि शेजारच्या जिल्ह्यातला माणूस यांतला फरक मुलांना कळला नाही, तर इतिहासाच्या मास्तराचा पगार फुकट गेला असे मी समजतो. शिवाय हाच हिशेब लोक आपल्याशी करतात तेव्हा आपल्याला किती झोंबते, हे मी सांगायला नको.

तर ऐका. रायगड जिल्ह्यात, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत राहिल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली. त्या जागेला आजही ते लोक मान देतात. धर्मग्रंथ समुद्रात गेले. भाषा हळूहळू विसरली. 'शेमा इस्रायल' ही ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही तेवढी तोंडी उरली. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नसलेली मासळी खायची नाही आणि शनिवारी काम करायचे नाही, एवढ्या आधारावर ही माणसे शतकानुशतके टिकली. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. दिव्याचे ते दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर अशी गावांवरून आडनावे पडली.

आता आपल्या कानाला ओळखीचे वाटतील असे काही शब्द सांगतो. उपवासाला हे लोक 'रोजा' म्हणत. वर्षातला एक महिना ते उपवासाचा पाळत आणि त्याला चक्क 'रमझान' म्हणत. महिना त्यांच्या पंचांगातला, नाव शेजाऱ्यांचे. लग्न लावणारा, तंटे सोडवणारा धर्मप्रमुख तो 'काजी'. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा घराण्यांकडे ही काजीपणाची परंपरा होती. नवस फेडताना पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा 'मलिदा' करत, अजूनही करतात, आणि तो एलियाहू नबींच्या नावाने. आपण त्यांना हजरत इलियास म्हणतो. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू नबींचा रथ तिथे टेकला अशी त्यांची श्रद्धा. लग्नाआधी मेहंदी. सणांची नावे मात्र अस्सल कोकणी मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. म्हणजे एका हाताला मुसलमान शेजारी, दुसऱ्या हाताला हिंदू शेजारी, आणि मधोमध आपला शनिवार सांभाळून बसलेला हा तेली.

'यहुदी' असे न म्हणवता 'बेने इस्रायल' का म्हणवले, याचेही एक कारण काही अभ्यासक देतात. मुसलमानी अमलात 'बनी इस्राईल' हे नाव आदराने घेतले जाई. हजरत याकूब यांचेच दुसरे नाव इस्राईल, आणि कुराणशरीफच्या सतराव्या सूरहला 'बनी इस्राईल' या नावानेही ओळखतात, हे इथल्या मदरशात जाणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे.

या नावाने एका माणसाचा जीव वाचला अशी कथा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे कोकणातून मुंबईत येऊ लागली. सुतार, गवंडी, गोदीतले कारागीर झाली आणि पुष्कळ जण कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदांतले सॅम्युएल इझिकेल, हे देशी पलटणीत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ या काळात, ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. कथा अशी की, कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्रायल' असे सांगितले. टिपूच्या आईच्या कानावर हे गेले. या लोकांचे नाव आपल्या किताबात वाचतो, ते माझ्या राज्यात प्रत्यक्ष आहेत असे म्हणून तिने मुलाकडे रदबदली केली. ही कथा कागदोपत्री सिद्ध करता येईल असे मी म्हणत नाही. पण दिवेकरांच्या जमातीने ती दोनशे वर्षे जपली आणि आपल्या मुलांना सांगितली, यालाही काही किंमत आहे. ज्या कथेत आपली सुटका मुसलमान बाईच्या शब्दाने झाली, ती कथा त्यांनी लपवली नाही.

सुटून आल्यावर दिवेकरांनी नवस फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात जमातीचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. 'रहमीम' आणि आपला 'रहम' ही सख्खी भावंडे आहेत, हे उर्दूच्या शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावे. दिवेकर पुढे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिकडेच वारले. आजची इमारत १८६० मधली आहे आणि ज्या रस्त्यावर ती आहे त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट. पण लोक तिला काय म्हणत? 'जुनी मशीद'! मग १८४० च्या सुमारास जवळच दुसरे सिनेगॉग झाले, ती 'नवी मशीद'. प्रार्थनेची जागा ती मशीद, एवढा सरळ हिशेब. मध्य रेल्वेच्या 'मस्जिद' स्टेशनला नाव या जुन्या मशिदीवरून पडले असे सांगतात. गंमत पाहा, पुण्यात डेव्हिड ससून यांनी सुरू केलेल्या आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या सिनेगॉगला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. आत मात्र तीच तौरात.

या जुन्या मशिदीचा कारभार कसा चाले हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या संस्थेच्या सभा मी पाहिल्या आहेत. एक मुकादम, म्हणजे प्रमुख. एक चौगुला, म्हणजे त्याचा जोडीदार. हिशेबनीस तो गबाय. प्रार्थना चालवणारा हज्जान आणि साफसफाई, दिवाबत्ती, निरोप पोचवणे हे सारे करणारा समाश. नमाज जमातीने व्हावी तशी त्यांची मुख्य प्रार्थना दहा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय होत नाही. नऊ जण आले तर दहाव्याला घरून बोलावून आणायचे. या 'दहा'च्या नियमामुळे कुणी आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी भांडण आहे हे आपोआप कळत राहते. दारिद्र्य पुष्कळ होते, पण माणूस हरवत नव्हता.

आता त्यांचे दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतात. बाहेरून आलेल्यांशी सोयरीक झाली, त्या संततीला 'काळे इस्रायल' म्हणायचे आणि स्वतःला 'गोरे इस्रायल', अशी भिंत त्यांनी आपल्यातच घातली होती. मग एकोणिसाव्या शतकात बगदादचे श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत आले. ससून घराणे त्यांतलेच. हे बगदादी स्वतःला शुद्ध समजत आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांना कमी लेखत. १८३६ मध्ये तर त्यांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. मेल्यावरही शेजार नको! ज्यांना दुसऱ्याकडून हा त्रास झाला तेच घरात काळे-गोरे करत होते. अशराफ आणि अजलाफ, अमक्याची बिरादरी आणि तमक्याची बिरादरी असे शब्द आपल्या लग्नाच्या बैठकांत ऐकू येतात की नाही, ते तुमचे तुम्हीच सांगा.

पुढे १९१७-१८ मध्ये जमातीच्या सुधारणेसाठी एक परिषद निघाली आणि लगेच दुसऱ्या गटाने वेगळी लीग काढली. वीस हजारही नसतील त्या वेळी, आणि अखिल भारतीय संस्था दोन! हसू नका, आपल्या तालुक्यातल्या पाट्या एकदा मोजून या.

आता मूळ विषयाला येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या जमातीत हिब्रू वाचता येणारा माणूस विरळा होता. १८२० च्या आसपास अमेरिकन मिशनने त्यांच्या मुलामुलींसाठी मराठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, मुले ख्रिस्ती व्हावीत. बेने इस्रायलांनाही तो माहीत होता. तरी त्यांनी मुले पाठवली आणि मुलीही पाठवल्या. ख्रिस्ती झाले फारच थोडे. अक्षर शिकले, हिब्रू शिकले, आणि त्या अक्षराने आपलाच धर्म पुन्हा वाचू लागले. ज्या शाळेमुळे धर्म जाईल अशी भीती होती, तिथेच त्यांना धर्माची चावी मिळाली. १८४६ मध्ये वल्हांडण सणाची त्यांची पोथी, तिला हग्गादा म्हणतात, मराठी अनुवादासह मुंबईत छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली. १८८० नंतर तर त्यांनी कीर्तने रचली. झांजा, पेटी, पूर्वरंग-उत्तररंग सारे आपल्या महाराष्ट्रातले, आख्यान मात्र हजरत इब्राहिमांचे किंवा हजरत यूसुफांचे!

आपल्याकडे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: "सर, मुलीला त्या शाळेत घातली तर आपले वळण राहील का?" चांदवडला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची संस्था १९२८ पासून आहे. तिच्या शाळा-महाविद्यालयांत सगळ्या समाजांची मुले शिकतात. तिथे शिकून कुणाचा नमाज सुटला असेल तर तो गणिताच्या तासामुळे सुटला नाही, घरात कुणी पढत नव्हते म्हणून सुटला. हे मी जरा कडक बोललो. पण प्रश्न विचारणाऱ्यांत बापच जास्त असतात, आणि मुलगी बारावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाल्यावर तिला घरी बसवणारेही तेच असतात.

मिशनच्या शाळांवर विसंबून किती दिवस राहायचे, असे वाटणारा एक गृहस्थ त्या जमातीत निघाला. हायम सॅम्युएल केहिमकर हे त्यांचे नाव. सरकारी नोकरीतला कारकून माणूस. मोठी इस्टेट नाही. १८५३ मध्ये त्यांनी मित्रमंडळी जमवून जमातीच्या मदतीसाठी मंडळ काढले. आणि १८७५ मध्ये, भावांना बरोबर घेऊन, मुंबईत 'इस्रायलाइट स्कूल' सुरू केले. इंग्रजी, मराठी, आणि बरोबर हिब्रू. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पुढे मदत केली, पण पहिला चंदा कारकुनांच्या आणि शिपायांच्या खिशातून आला. १८९७ मध्ये केहिमकरांनी जमातीचा इतिहास लिहून पूर्ण केला; तो छापून निघाला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले. आपल्या स्मरणिकेला लेख वेळेवर न देणाऱ्यांनी यातून काही भलताच आधार घेऊ नये.

ही शाळा माझगावात वाढली. नंतर हाँगकाँग-शांघायचे बगदादी यहुदी उद्योगपती सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. म्हणजे पाहा, ज्या बगदाद्यांनी कबरस्तानात भिंत मागितली, त्यांच्यातल्याच एकाने शंभर वर्षांनी बेने इस्रायलांच्या शाळेच्या भिंती बांधून दिल्या. भाषणात अलंकार नको असे मला वाटते, पण हा अलंकार इतिहासाने घातला, मी नाही.

या शाळेच्या मुख्याध्यापिका १९२२ ते १९५० रेबेका रूबेन या होत्या. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत या मुलीने मुंबई इलाख्यात पहिला नंबर मिळवला. मुलींत नव्हे, सगळ्यांत पहिला! १९०५ साली किती घरांत मुलगी शाळेत जात होती याचा विचार करा. पुढे शिकल्या, विलायतेला जाऊन आल्या आणि नोकरी कुठे धरली, तर आपल्या जमातीच्या शाळेत. २८ वर्षे. त्याआधी १९१७ पासून काही वर्षे त्यांनी जमातीचा वार्षिक अंकही संपादित केला, म्हणजे आपल्या या स्मरणिकेसारखाच उद्योग.

दुसरे नाव डॉ. जेरुशा झिराड यांचे. जन्म १८९१. शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, १९१९ मध्ये एम.डी. झाल्या, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार १९२८ ते १९४७ सांभाळला. १९६६ मध्ये पद्मश्री. त्या काळात मुंबईत बाळंतपणात बायका मरत तेव्हा, पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नसे. झिराडबाईंच्या हातून सुखरूप सुटलेल्यांत आपल्या आया-आज्या किती असतील? आणखी एक: डॉ. इलायजा मोझेस राजपूरकर, ज्यांना लोक डॉ. ई. मोझेस म्हणून ओळखतात, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीजवळचा रस्ता त्यांच्याच नावाचा. इंग्रजी कवितेत नाव मिळवलेले निसीम इझिकेल याच समाजाचे. हिंदी सिनेमात 'डेव्हिड' एवढ्याच नावाने ज्यांना वडीलधाऱ्यांनी पाहिले, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आणि जंजिऱ्याच्या मुसलमान नवाबाच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारभारी होते शालोम बापूजी इस्रायल वरघरकर, हेही बेने इस्रायल. नवाब सिद्दी, कारभारी यहुदी, रयत बहुतेक हिंदू. आणि दफ्तर चाले.

मग ही माणसे गेली कुठे? १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य झाले आणि १९५० नंतर लोंढा सुरू झाला. इथे कुणी हाकलले म्हणून गेले नाहीत. हे सगळे अभ्यासक एकमुखाने सांगतात, आणि महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा. धर्माची ओढ होती, नोकरीची आशा होती, भाऊ गेला म्हणून दुसरा भाऊ गेला. १९५१ च्या जनगणनेत भारतात यहुदी सव्वीस हजारांवर होते. २०११ मध्ये ४,६५०, त्यांतले २,४६६ महाराष्ट्रात. आणि तिकडे गेल्यावर काय झाले? १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने हुकूम काढला की या मराठी यहुद्यांची लग्ने लावताना आधी त्यांचे वाडवडील तपासा, ते खरोखर यहुदी होते का पाहा. ज्यांनी कोकणात तेल गाळत शनिवार सांभाळला, त्यांना वचनभूमीत पुरावा मागितला गेला. त्यांनी संप केले, निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. कागद मागितले जाणे म्हणजे काय असते ते त्यांना चांगले कळले. आपल्यालाही कळते. दिमोना, अश्दोद, लोद या तिकडच्या गावांत आजही मराठी बोलणारी घरे आहेत; 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे काढले.

इकडे पेण, पनवेल, रेवदंडा, बोर्ली, म्हसळा अशा गावांतली सिनेगॉग ओस पडत गेली. कुठे दोन घरे, कुठे एकच. अलिबागच्या इस्रायल आळीतले 'मागेन आबोत', म्हणजे पूर्वजांची ढाल, मात्र अजून उभे आहे. पण सगळीकडे ओहोटी असताना एका जागी भरती आली, ती ठाण्यात. टेंभी नाक्याजवळ १८७९ मध्ये बांधलेले 'शाआर हाशामायिम', आकाशाचे द्वार, हे एके काळी लहानशा वस्तीचे सिनेगॉग होते. मुंबईच्या चाळी सोडून माणसे ठाण्याला राहायला आली. मुंबईत जागा परवडेना, ठाण्यात दोन खोल्या मिळत, आणि लोकल होती. आपल्याच माणसाजवळ घर घ्यावे, प्रार्थनेला चालत जाता यावे, म्हणून एकामागून एक कुटुंब आले. शनिवारी वाहनात बसायचे नाही असा त्यांचा नियम. म्हणजे सिनेगॉग पायी जाण्याच्या अंतरावरच हवे. एवढ्या साध्या कारणाने मोहल्ला बनतो. आज भारतातले सर्वांत गजबजलेले सिनेगॉग म्हणून ठाण्याचे नाव घेतात. सणाला बसायला जागा पुरत नाही.

शुक्रवारी सांजवेळी शब्बाथ सुरू होतो तेव्हा प्याल्यावर दुआ म्हणतात. दारूऐवजी बेने इस्रायलांच्या घरी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत असते. कोकणात द्राक्षे कुठली मिळणार, म्हणून पूर्वजांनी काढलेली ही युक्ती. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांनो, तुमच्या बागेतल्या मनुकांना कुठे कुठे मान मिळतो ते लक्षात ठेवा.

मुंबईच्या सिनेगॉगांबाहेर आज पोलीस बसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये रब्बी आणि त्यांच्या पत्नीसह सहा जणांना मारले गेले. तेव्हापासून पहारा कडक झाला. त्या वेळी मरण पावलेल्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायची नाही असे मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी ठरवले, आणि त्या निर्णयावर ते ठाम राहिले. ही बातमी त्या वेळी जगभर गेली होती. आपल्या मुलांपर्यंत ती गेलेली नाही; वर्गात विचारले तर एकाही हाताने वर यायचे नाव घेतले नाही.

आता त्या माझगावच्या शाळेचे शेवटचे सांगायचे राहिले. सर एली कदूरी हायस्कूल चालू आहे. जमातीची मुले परदेशी गेली, वर्ग रिकामे झाले. अशा वेळी शाळा बंद करून जागा विकणे काही अवघड नव्हते. माझगावातली जागा, दर काय असेल तुम्हीच करा हिशेब. त्यांनी दार उघडे ठेवले. आसपासच्या मोहल्ल्यांतली मुले येऊ लागली, आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. कलकत्त्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्येही तसेच, बहुतेक मुली मुसलमान. आणि तिथल्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान् पिढ्या मुसलमान सेवक करत आले. १८७५ मध्ये केहिमकरांनी कारकुनी पगारातून जे झाड लावले, त्याच्या सावलीत आपली पोरे बसून पाढे पाठ करत आहेत. आपल्या संस्थेच्या घटनेतही प्रवेशाला जात-धर्माची अट नाही. पण अट नसणे वेगळे आणि शेजारच्या आळीतल्या मराठ्याला, माळ्याला, भिल्लाला आपली मुलगी इथे घालावी असे वाटणे वेगळे. या वर्षी आपल्या बालवाडीत अशी किती मुले आहेत ते मी मोजले. आकडा इथे सांगत नाही, कार्यकारिणीच्या बैठकीत सांगेन.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. म्हणजे शिष्यवृत्तीच्या आणि संस्थांच्या बाबतीत ते आणि आपण आता एकाच रकान्यात आहोत. आपल्याकडे हे अर्ज मुदतीच्या आदल्या रात्री भरले जातात, हा विषय निघालाच आहे म्हणून पालकांना सांगतो: उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते या दोन गोष्टी जूनमध्येच करून ठेवा.

एक सूचना करून थांबतो. आठवी आणि नववीच्या मुला-मुलींची एक सहल मुंबईला न्यावी असे शिक्षकांनी ठरवले आहे. मनमाडहून पहाटेची पंचवटी, मुंबईला उतरून लोकलने पहिलेच स्टेशन मस्जिद. तिथून जुनी मशीद पायी. आत जायला आधी परवानगी लागते, ती मी पत्र लिहून मागितली आहे. प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर ठेवायचे आणि मुलांनी टोपी. डोके झाकूनच आत जातात, तेव्हा आपल्याला वेगळी तयारी नको. शनिवारी जायचे नाही, कारण त्या दिवशी त्यांची इबादत असते. वार नंतर कळवू. दुपारी जवळच जोहरची नमाज, मग राणीची बाग. खर्चाचे पैसे एकदम जमत नसतील त्यांनी दोन हप्त्यांत द्यावेत. मुलींच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे की दोन शिक्षिका बरोबर आहेत. संमतीपत्रे कार्यालयात ठेवली आहेत.